वळणावरचा जमाखर्च

मोटारगाडी घेताना व्यापारी घरांत रंग, ॲव्हरेज, डिकीची जागा आणि मासिक हप्ता या चार बाबींवर भरपूर चर्चा होते. गाडीच्या पोटाखाली वाकून पाहण्याची पद्धत नाही. अलीकडे घरातील तरुण पिढी तेथेही पाहू लागली आहे, आणि तिच्या बोलण्यात एक नवा शब्द वारंवार येतो : मागचा स्टॅबिलायझर बार. कोणी त्याला अँटी-रोल बार म्हणतो, कोणी स्वे बार. कंपनीने दिलेली सळई बारीक असते, ती काढून जाड बसविली की गाडी वळणावर झुकत नाही आणि वेगातही आज्ञेत राहते, असे सांगितले जाते. खर्चाची रक्कम फार मोठी नसते. परंतु ज्या गाडीत आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब बसते, तिच्या चालीत केलेला हा बदल आहे. त्याचा विचार बिलाची रक्कम पाहून करणे पुरेसे नाही.

ही सळई दिसावयास अगदी साधी असते. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकविलेली, स्प्रिंगच्या पोलादाची. तिचा मधला आडवा भाग रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन्ही टोके लिंकच्या साहाय्याने डाव्या-उजव्या चाकांच्या आधाराला जोडलेली असतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाके एकदम वर गेली, तर सळई बुशांमध्ये नुसती फिरते. काहीच विरोध करीत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की मात्र तिला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडविण्याच्या धडपडीत ती दोन्ही चाकांना पुन्हा एका पातळीवर आणू पाहते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस कलते, त्या बाजूची स्प्रिंग दबते, आतल्या बाजूची सैल पडते. नेमक्या त्याच वेळी सळईचे काम सुरू होते. कॅनडातील स्टीफन कोलमन यांनी १९१९ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. शंभर वर्षांत तिच्या मूळ रूपात फारसा फरक पडलेला नाही.

जाडी वाढविण्याचा मोह का होतो, हे साध्या गुणाकाराने कळते. सळईचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिलिमीटरची सळई काढून २२ मिलिमीटरची घातली, तर जाडी दहा टक्क्यांनी वाढली. ताठरपणा मात्र सुमारे सेहेचाळीस टक्क्यांनी वाढला. १८ ऐवजी २२ घातली, तर तो सव्वादोन पटींच्या आसपास जातो. दोन मिलिमीटर हा आकडा दुकानात क्षुल्लक वाटतो आणि रस्त्यावर क्षुल्लक राहत नाही, त्याचे कारण हे. पोकळ सळईचे गणित आणखी मजेचे आहे : बाहेरून २२ आणि आतून १६ मिलिमीटर अशी नळी घेतली, तर वजन भरीव सळईच्या निम्म्याहूनही कमी भरते, पण ताठरपणा बहात्तर टक्के उरतो.

आता ही सळई ज्या रस्त्यांवर चालणार, त्या रस्त्यांकडे वळू. पुलगावहून आर्वीकडे निघालेली वाट विरूळ ओलांडून रोहण्यास येते. याच बाजूने एकेकाळी छोटी आगगाडी धावत असे. १९१७ मध्ये सुरू झालेला पुलगाव–आर्वी हा पस्तीस किलोमीटरचा लोहमार्ग नॅरोगेजचा होता. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, आणि त्यावरचा डबा मात्र रुळांच्या दोन्ही बाजूंना चांगलाच बाहेर आलेला. पायथा अरुंद आणि भार उंच, असे असले की थोड्याशा वळणानेही वजन एका बाजूच्या चाकांवर फार लोटले जाते. म्हणून अशा गाड्यांना वेग बेताचाच ठेवावा लागतो. आज विरूळजवळच समृद्धी महामार्गावर चढता-उतरता येते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास किंवा कारंजा लाडला जाणारी कुटुंबे आता एकाच दिवसात जाऊन येतात. तेव्हा एकाच गाडीने एकाच सकाळी दोन अगदी वेगळ्या प्रकारचे रस्ते कापायचे असतात : कपाशीच्या शेतांमधून जाणारा, कडेला खचलेला डांबरी रस्ता, आणि नंतर सरळ, गुळगुळीत, वेगवान महामार्ग.

रोहण्यासारख्या गावातील एक घर कल्पावे. कापूस आणि तुरीची आडत; अंगणात पाच आसनांची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. पुण्यात शिकून आलेला नातू म्हणतो, “दादाजी, आपली गाडी वळणावर फार झुकते. मागे जाड बार टाकला की पकड वाढेल.” दादाजींना इंजिनांतले काही कळत नाही, पण पन्नास वर्षे खतावणी पाहिलेली असल्याने ते एवढेच विचारतात, “बेटा, वाढेल म्हणतोस, तर ती येणार कुठून? कोणाच्या तरी खात्यातून निघाल्याशिवाय दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही.”

दादाजींचा हा प्रश्न कोणत्याही अभियंत्याने मान डोलवावी असा आहे. हिशेब मांडून पाहू. गाडीचे वजन १,२०० किलो धरावे. पुढच्या दोन चाकांवर मिळून ७२०, मागच्या दोन चाकांवर ४८०. भारमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर दीड मीटर. वळणावर गाडीवर तिच्या वजनाच्या निम्म्याइतका आडवा जोर आला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर २२० किलो भार सरकतो. हा आकडा ठरविणाऱ्या गोष्टी चारच : वजन, भारमध्याची उंची, चाकांतील अंतर आणि वळणाचा जोर. या चौघांत सळईचे नाव नाही. ती वीस मिलिमीटरची असो की तीसची, एकूण सरकणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो. गाडी कमी झुकली, म्हणून तो कमी होत नाही.

मग सळई करते काय? ती फक्त वाटणी बदलते. समजा, मूळ गाडीत या २२० किलोंपैकी १३२ पुढच्या जोडीत सरकतात आणि ८८ मागच्या जोडीत. तेव्हा पुढचे बाहेरचे चाक ४९२ किलो उचलते आणि आतले २२८. मागचे बाहेरचे ३२८ आणि आतले १५२. मागे जाड सळई बसविली आणि वाटणी ११०–११० अशी झाली, तर पुढे ४७० व २५०, मागे ३५० व १३०. बाहेरच्या दोन चाकांची बेरीज आधी ८२० होती, नंतरही ८२०च आहे. आतल्या दोघांची ३८० होती, ती ३८०च राहिली. तेरीज जुळते. पुढच्या खात्यावरचे ओझे मागच्या खात्यावर नावे पडले, एवढाच काय तो व्यवहार.

तरीही गाडीची चाल बदलते, हे खरे. आणि त्याचे कारण वाणिज्याच्या विद्यार्थ्यास लगेच उमगावे. टायरची पकड त्यावरील भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला, तर पकड दुपटीपेक्षा काहीशी कमीच वाढते. अर्थशास्त्रातील घटत्या प्रतिफलाचा नियम रबरालाही लागू आहे. म्हणून एका जोडीतील दोन चाकांवर भार जितका विषम, तितकी त्या जोडीची एकत्रित पकड कमी. जाड सळईने मागची जोडी अधिक विषम झाली, तेव्हा मागची पकड घटली. पुढची जोडी थोडी समतोल झाली, तेव्हा पुढची वाढली. नातवाला स्टिअरिंगवर जे जाणवते, ते हे पुढचे. गाडी वळणात चटकन तोंड घालते, पूर्वीसारखी बाहेर फेकली जात नाही. ज्या खात्यातून रक्कम निघाली, ते मागचे खाते रोजच्या चालीत डोळ्यांसमोर येत नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक कौटुंबिक गाड्या कारखान्यातूनच अशा निघतात की वेग जास्त झाला, तर त्यांची पुढची चाके आधी घसरावीत. याला अंडरस्टिअर म्हणतात. गाडी इच्छेपेक्षा मोठे वळण घेते. रसिक चालकाला ही चाल सुस्त वाटते. पण तिच्यात एक शहाणपण आहे. घाबरलेला सामान्य मनुष्य अशा वेळी दोनच गोष्टी करतो : ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो आणि स्टिअरिंग आणखी फिरवतो. पाय उचलताच वजन पुढे सरकते, पुढच्या चाकांना पकड मिळते आणि गाडी बहुधा सावरते. म्हणजे घाबरून केलेली कृतीच उपाय ठरते. मागची पकड आधी सुटणाऱ्या गाडीत, म्हणजे ओव्हरस्टिअरमध्ये, तीच कृती घात करते. पाय उचलला की आधीच हलकी असलेली मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडीचा पार्श्वभाग बाहेर निघतो. तेव्हा स्टिअरिंग उलट दिशेने, नेमके आणि लगेच फिरवावे लागते. शर्यतीत उतरणाऱ्याला त्याचा सराव असतो. बाजारातून परतणाऱ्या आडत्याला तो असण्याचे कारण नाही, आणि रात्री पाऊस पडत असताना मागे गोटा झालेले टायर असतील, तर सरावलेल्यालाही तेवढा अवधी मिळत नाही.

वर्धा जिल्ह्यात ही चर्चा केवळ पुस्तकी राहत नाही. संध्याकाळ झाली की शेतांतून रोही रस्त्यावर येतात. रानडुकरांचे कळप तर रात्रभर फिरतात. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री सेलसुऱ्याजवळ एक गाडी पुलावरून कोसळून सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. वन्यप्राणी आडवा आल्याने चालकाचा ताबा सुटला असावा, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते. त्या गाडीच्या सळईचा येथे काही संबंध जोडावयाचा नाही. परंतु या जिल्ह्यात गाडीची खरी परीक्षा घाटातल्या सुंदर वळणावर होत नाही. ती सरळ रस्त्यावर, अंधारात, अर्ध्या सेकंदात स्टिअरिंग एकदा एकीकडे आणि लगेच दुसरीकडे फिरविण्यात होते, एवढे त्या रात्रीवरून ध्यानात घ्यावे.

स्वीडनमध्ये रोह्याऐवजी एल्क हे सांबरापेक्षाही मोठे जनावर आडवे येते, म्हणून तेथे याच प्रसंगाची चाचणी घेतली जाते. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘टेक्निकेन्स वेर्ल्ड’ या स्वीडिश नियतकालिकाने मर्सिडीजची अगदी नवी ए-क्लास या चाचणीस घातली आणि ती चक्क उलटली. एवढी नावाजलेली कंपनी. पण तिला गाड्यांची विक्री काही काळ थांबवावी लागली, सस्पेन्शनमध्ये बदल करावे लागले आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण ही प्रणाली त्या लहान गाडीत सर्वांना द्यावी लागली. पहिल्या झटक्यात एका बाजूला झुकलेली गाडी दुसऱ्या झटक्यात विरुद्ध बाजूला झोका घेते; दोन्ही झोके जुळले की तोल जातो. या ठिकाणी स्टॅबिलायझर सळईची बाजूही मांडली पाहिजे. झुकणे आटोक्यात ठेवून ती हा झोका कमी करते, आणि म्हणून उंच गाड्यांत तिची नितांत गरज असते. प्रश्न सळई असावी की नसावी हा नाही. पुढची आणि मागची सळई एकमेकींना साजेशी असावी, हा आहे. एकटी मागची वाढविल्याने झुकणे घटते आणि समतोलही बदलतो. विक्रेता पहिल्याचेच वर्णन करतो.

सळई नसण्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेचे आहे. शेव्हरोले कॉर्व्हेर ही १९६० सालच्या मालिकेची गाडी. इंजिन मागे, मागील सस्पेन्शन झुलत्या ॲक्सलचे, आणि पुढे स्टॅबिलायझर सळई मुळातच दिलेली नव्हती. मागचा जडपणा सांभाळण्यासाठी कंपनीने टायरच्या हवेवर भिस्त ठेवली : पुढे १५ पौंड आणि मागे २६. कागदावर हा उपाय ठीक होता. पण हवा भरणाऱ्याच्या हातात तो टिकणारा नव्हता. आपल्याकडेही पंक्चरच्या दुकानात चारही चाकांत सारखी हवा भरून मोकळे होण्याची रीत आहेच. १९६४ च्या मालिकेत पुढची सळई सर्व गाड्यांना मिळाली, १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शनच बदलले, आणि त्याच वर्षी राल्फ नेडर यांचे वाहनसुरक्षेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पहिल्याच प्रकरणात त्यांनी कॉर्व्हेरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. खर्च वाचविण्यासाठी सळई गाळली, हा त्यांचा आरोप होता. कंपनीने त्यांच्यामागे हेर लावले, ते उघडकीस आले आणि १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे क्षमा मागावी लागली. त्याच साली तेथे वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

अनेकान्ताच्या उपासकांनी दुसरी बाजूही ऐकावी. १९७२ मध्ये अमेरिकी शासनाच्या वाहनसुरक्षा विभागाच्या अभ्यासात कॉर्व्हेरची चाल तिच्या काळातील अन्य गाड्यांपेक्षा विशेष वाईट नव्हती, असा निष्कर्ष निघाला. तोपर्यंत गाडीचे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे झाली होती. सळईसाठी किती पैसे वाचले असतील, याचा अंदाज व्यापारी सहज करू शकेल. त्यापायी गमावलेल्या नावाची किंमत करणे कठीण. येथे आणखी एक बारकावा आहे. कॉर्व्हेरमध्ये नंतर घातलेली सळई पुढची होती. जिची मागची चाके आधी सुटत, त्या गाडीचे ओझे पुढच्या खात्यावर टाकले गेले. म्हणजे कोणत्या टोकाला सळई हवी, हे गाडीच्या रचनेवर ठरते. एका गाडीचे औषध दुसरीला अपथ्य होऊ शकते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. महामार्गावर पायी चालण्यास बंदी असल्याने ते जुन्याच रस्त्यांच्या कडेने, पहाटेच्या धुक्यात चालतात. इर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याचा नियम आहे. ताशी ८० किलोमीटरच्या गाडीखालून एका सेकंदात बावीस मीटर जमीन सरकते, १२० च्या वेगात तेहेतीस मीटर. विहाराच्या दिवसांत समाजाच्या प्रत्येक चालकाने हे आकडे आठवावेत, कारण त्या पहाटेच्या रस्त्यावर अचानक स्टिअरिंग फिरविण्याचा प्रसंग त्याच्यावर येऊ शकतो, आणि कडेला चालणारी मंडळी आपल्याच श्रद्धास्थानाची असू शकतात.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतील फेरफार, अशी तेथे ‘बदल’ या शब्दाची व्याख्या आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मनाई असलेले सुटे भाग बसविणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सळईचा व्यास नोंदणी प्रमाणपत्रात नसतो, म्हणून ‘यात काय मोठेसे’ असे गॅरेजवाला म्हणेल. परंतु विमा हा परम विश्वासाचा करार आहे. बदल न कळवता केला आणि पुढे दावा करण्याची वेळ आली, तर सर्वेक्षक गाडीच्या खाली वाकून पाहणारच. म्हणून सळई घेण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारावे, तोंडी आश्वासनावर राहू नये आणि उत्तर पॉलिसीच्या फाईलमध्ये लावून ठेवावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर विक्रेत्या शोरूमलाही तोच प्रश्न लेखी करावा.

आता कल्पिलेल्या त्या घराकडे वळून दादाजींनी नातवाला काय सांगावे, ते पाहू. प्रथम गाडी खाली तपासून घ्यावी. अनेक लहान गाड्यांना मागे स्वतंत्र सळई नसतेच. दोन चाकांना जोडणारी ट्विस्ट बीम नावाची आडवी तुळईच पीळ घेऊन सळईचे काम करते. तेथे वरून बोल्टने सळई जोडणे म्हणजे तुळईच्या कामात ढवळाढवळ करणे होय. ज्या गाडीला मुळात सळई आहे, तिच्यात झुकणे वाढले असेल, तर बहुधा सळई बारीक नसते. तिचे बुश झिजलेले असतात किंवा लिंक सैल झालेली असते. खड्ड्यातून जाताना चाकाजवळून ‘टक्-टक्’ असा आवाज येऊ लागला, तर ही शक्यता मोठी. बुश आणि लिंक बदलणे नव्या सळईहून कितीतरी स्वस्त पडते आणि त्यात कायद्याचा किंवा विम्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शॉकअब्सॉर्बर गळत नाहीत ना, हेही त्याच खेपेत पाहून घ्यावे.

दुसरे, छतावरचा कॅरियर. यात्रेला निघताना बिछाने, भांडी, कधी कधी धान्याचे पोतेही वर चढते. वरच्या उदाहरणात भारमध्य ५५ ऐवजी ६० सेंटिमीटरवर गेला, तर सरकणारा भार २२० वरून २४० किलो होतो. सळईला जे कधीच साधत नाही, ते कॅरियर उतरवून फुकटात साधते. सामान डिकीत आणि तेही तळाशी ठेवावे. तिसरे, टायर. कारखान्याने दाराच्या चौकटीवर छापलेली हवा भरावी. भरलेल्या गाडीसाठी मागची हवा बहुधा वेगळी लिहिलेली असते, ती वाचावी. दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर ते मागे बसवावेत. पुढची चाके ओढतात म्हणून नवे पुढे, अशी समजूत गॅरेजांतून सर्रास आढळते आणि ती चुकीची आहे. मागची पकड सुटणे अधिक धोक्याचे, हे वर आलेच आहे. समृद्धीच्या प्रवेशनाक्यांवर झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवून परत पाठविण्याची मोहीम परिवहन विभागाने राबविली होती, तिचा रोख याच गोष्टीकडे होता.

एवढे सर्व करूनही नातवाचे समाधान झाले नाही आणि विमा कंपनीचा लेखी होकार आला, तर जरूर बसवावी; हौसेलाही घरात जागा असते. मात्र त्याच मॉडेलसाठी बनविलेली, मूळपेक्षा थोडीच जाड अशी सळई घ्यावी. विकणाऱ्याला व्यास विचारावा आणि चौथ्या घाताचा हिशेब कागदावर मांडूनच होकार द्यावा. स्थिरता नियंत्रणाची प्रणाली मूळ सळई गृहीत धरून बसविलेली असते, तेव्हा ती बंद करण्याचा विचार कोणीही सुचविला तरी मनावर घेऊ नये. जाड सळईने डावे-उजवे चाक एकमेकांना अधिक घट्ट बांधले जाते, त्यामुळे खचलेल्या कडेवरून एकच चाक उतरले, तरी पूर्ण गाडी डोलते. आर्वीच्या रस्त्यावर मागे बसलेल्या आजीला हा फरक पहिल्याच दिवशी कळेल, आणि तिचे मत नोंदवून घ्यावे. काही शे किलोमीटर चालल्यावर नट-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. काढलेली मूळ सळई, तिचे बुश आणि लिंक भंगारवाल्याला न देता तेल लावून, गोणपाटात गुंडाळून गोदामात ठेवावेत. गाडी विकताना गिऱ्हाईक बहुधा मूळ सामानासह मागते.